वगळलेला नमुना

"हे काही कालपरवाचं नाही हं," डॉक्टर अंतरा म्हणाल्या आणि पडद्यावरच्या करड्या चित्रावर पेनाचं टोपण टेकवत त्यांनी तीन जागा दाखवल्या. "इथे, इथे, आणि मुख्य नळीला फाटे फुटतात तिथे. पाच-सहा वर्षं तरी साचत आलंय. तेव्हा कळलं असतं ना, तर गोळ्या आणि पथ्यावर निभावलं असतं. आता बायपासच." त्या हे रोज चार घरांना सांगत असणार. आवाजात दोष देणं नव्हतं की हळहळ नव्हती. देवेशनं मान डोलावली आणि धाकट्या बहिणीकडे बघितलं. "तू बोल ना दर्शना, तुला यातलं कळतं." मग डॉक्टरांनीही तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही मेडिकलच्या?" "नाही," दर्शना म्हणाली, "संशोधन. धमन्या कडक होण्यावर पीएच.डी. केलीय." "अरे वा! मग तुम्हाला मी काय सांगणार," डॉक्टर हसल्या. दर्शनाही हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून वजाबाकी करतोय. दोन हजार चोवीस वजा दोन हजार अठरा. उत्तर सहा येत होतं. पुन्हा केली तरी सहाच.

बाहेर बाकावर बसल्यावर देवेश फोनवर नातेवाइकांना एकेक करून सांगू लागला, "हा, तीन ब्लॉकेज. नाय, आता बरे हायत, बोलतात." सकाळी सोसायटीची लिफ्ट बंद होती म्हणून बाबा जिन्यानं चढले आणि चौथ्या मजल्यावर भिंतीला टेकून खाली बसले. शेतं आणि मिठागरं होती त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या घराच्या दोन मजले अलीकडे. बाळकुमातून हॉस्पिटल जवळ म्हणून वाचले, असं सगळे म्हणत होते. दर्शना डोंबिवलीहून पोचेपर्यंत अँजिओग्राफी झालीसुद्धा होती. तिला पडद्यावरच्या त्या बारीक होत गेलेल्या काळ्या रेघा डोळ्यांपुढून हलवता येत नव्हत्या. अशा रेघा तिनं शेकड्यांनी पाहिल्या होत्या. रेघाच काय, ज्याच्यामुळे त्या बारीक होतात ते साचलेलं द्रव्यही तिनं हातात धरलं होतं. रोग्यांच्या मानेतल्या धमनीतून शस्त्रक्रियेनं काढलेले तुकडे लॅबमध्ये बर्फातून यायचे, पिवळट, बोटाच्या पेराएवढे. पहिला तुकडा कापताना सुरी मध्येच कर्रकन अडली होती. तिला वाटलं, खाली काचेची ताटली लागली. तिचे मार्गदर्शक आनंद सर मागे उभे होते. ते म्हणाले, "काच नाही, हाड आहे. जवळपास हाडच. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूंच्या पेशी आपला धंदा सोडून हाडं बनवायला लागतात. का लागतात, ते तू शोधायचंस." त्या दिवशी डबा खाताना तिच्या कानात तो कर्रकन आवाज होता, आणि लाज वाटावी इतका आनंदही होता. बाळकुमच्या आगऱ्यांच्या घरातली पोरगी माणसाच्या रक्तवाहिनीत हाड का उगवतं ते शोधणार होती.

पेशी धंदा का सोडतात याची उत्तरं पुष्कळ होती. त्यातलं एक तिच्या वाट्याला आलं. पेशीत आरएनए बनतो आणि त्यावरून प्रथिनं बनतात, हे शाळेतली पोरंही पाठ करतात. पण बनलेल्या आरएनएपैकी बहुतेकांवरून काहीच बनत नाही. त्यांना एके काळी कचरा म्हणत. पुढे कळलं की हा कचरा स्वतः काही बनवत नसला तरी कुणी बनवायचं, कुणी गप्प बसायचं, हे बऱ्याचदा तोच ठरवतो. असाच एक लांबलचक आरएनए धमनीच्या भिंतीत वाढला की पेशी वाट सोडतात, आणि तो थोडाथोडा रक्तातही उतरतो, असं सरांचं म्हणणं होतं. रोग्यांच्या रक्तात तो जास्त आणि निरोग्यांत कमी दिसला, तर उद्या नुसत्या रक्तावरून धमनीतलं ओळखता येईल. उद्या म्हणजे कधी, ते कुणी विचारत नसे. रोगी मिळत होते, हॉस्पिटलं भरलेली होती. मिळत नव्हते ते निरोगी. पन्नाशीच्या पुढचा, मधुमेह नाही, रक्तदाब नाही, छातीची तक्रार नाही, असा माणूस ठाण्यात शोधायला गेलं तर हाताला लागत नव्हता. तीस हवे होते आणि सव्वीसवर गाडी अडली. तेव्हा तिनं घरी बघितलं.

बाबा तेव्हा अठ्ठावन्नचे होते. उभं आयुष्य उन्हात काढलेलं काळं, चिवट शरीर. विशीत मिठागरात खांद्यावरून टोपल्या वाहिलेल्या, पुढे शेती, मग शेतीही गेली आणि बसून राहणं आलं. पण डॉक्टरची पायरी म्हणून कधी चढले नव्हते. ती रविवारी सुई, नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन गेली. संमतीपत्र तिनं पुढे धरलं. मराठीतच होतं, तिनंच भाषांतर केलेलं. "वाचा ना बाबा." "तू वाचलास ना? मंग झाला." त्यांनी सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत, नाथा. 'या तपासणीचा निष्कर्ष सहभागी व्यक्तीस कळवला जाणार नाही' हे वाक्य सहीच्या बरोबर वर होतं. रक्त नळीत चढताना ते टक लावून बघत होते. म्हणाले, "यात तू काय बघणार?" तिनं सांगितलं. असा एक आरएनए असतो, तो स्वतः काही बनवत नाही, पण बाकीच्यांना सांगतो, तुम्ही करा, तुम्ही थांबा. बाबा मोठ्यानं हसले. "म्हंजे मुकादम! हात हलवायचा नाय आन् मिठागर त्याच्या तोंडावर चालायचा." आई आतून चहा घेऊन आली तर तिलाही सांगितलं, "आयकलास का, माज्या रगतात मुकादम शोधतेय तुजी पोर." दर्शना नळी बर्फात ठेवत होती. घरच्या माणसाचा नमुना घेऊ नये, हे तिला माहीत होतं. नोंदवहीत तिनं नावाऐवजी निरोगी गटातला क्रमांक, 'सी-सत्तावीस', एवढंच लिहिलं. सरांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "बाळकुमचे एक गृहस्थ आहेत."

सी-सत्तावीसचा आकडा बाकीच्यांच्या साडेतीनपट आला. तिनं पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला, दुसऱ्या मशीनवर. आकडा हटेना. निरोग्यांच्या ठिपक्यांच्या झुबक्यापासून लांब, थेट रोग्यांच्या घोळक्यात जाऊन बसलेला एक ठिपका. आणि त्या एकट्या ठिपक्यामुळे सगळं गणित अशा काठावर येत होतं की दोन गटांतला फरक योगायोगाचा नाही, असं छातीठोक म्हणता येईना. सरांनी आलेख पाहिला, चष्मा कपाळावर चढवला. "हा कोण शहाणा? रक्त घेताना पेशी फुटल्या असतील. हिमोलिसिस. बघ, काय कारण मिळतंय. एका माणसासाठी तीन वर्षांचं काम पाण्यात घालायचं का?" पेशी फुटल्या असत्या तर रक्तातलं पाणी गुलाबी झालं असतं. तिनं स्वतः ते वेगळं केलं होतं. स्वच्छ, गवताच्या रंगाचं होतं. ती शीतकपाटापाशी गेली, उरलेली नळी काढली, उजेडाला धरली. तशीच पिवळी. मग तिनं नळी परत ठेवली आणि नोंदवहीत 'सी-सत्तावीस' पुढे लिहिलं, 'हिमोलिसिस, वगळला'. लिहायला दोन सेकंदं लागली असतील. नंतर ती खाली कँटीनमध्ये गेली, वडापाव घेतला, आणि तो तिनं पूर्ण खाल्ला होता, हे तिला आज बाकावर बसल्यावर लख्ख आठवलं.

तेव्हा बाबांना एवढंच म्हणता आलं असतं, चला, एकदा हृदयाची तपासणी करून टाकू. कुणाला कारण द्यायची गरज नव्हती. मुली बापांना असं म्हणतातच. पण तसं म्हणायचं तर आधी स्वतःशी कबूल करावं लागलं असतं की आकडा खरा होता. आकडा खरा म्हणजे नोंद खोटी. नोंद खोटी म्हणजे तीन वर्षं, आलेख, पदवी, सगळंच त्या एका शब्दावर उभं. म्हणून तिनं आकड्याला खोटं ठरवलं, आणि एकदा ठरवल्यावर ते खोटं मानून जगणं फारसं अवघड गेलं नाही. शास्त्रही मदतीला होतं. एका रेणूच्या पातळीवरून एका माणसाचं निदान होत नसतं, हे ती पुढे विद्यार्थ्यांनाही शिकवू लागली. शोधनिबंध परदेशी नियतकालिकात आला. पदवी मिळाली, कॉलेजात नोकरी लागली, लग्न होऊन ती डोंबिवलीला गेली. बाळकुमला जाई तेव्हा बाबा गेटपर्यंत सोडायला येत. तिसऱ्या वर्षी कधीतरी ते गेटच्या अलीकडच्या कट्ट्यावर थांबायला लागले. "तू व्हय पुढं." एका हळदीत नाचता नाचता मध्येच बाजूला होऊन छातीच्या मधोमध मूठ दाबून उभे राहिलेले तिनं पाहिलं होतं. "गॅस," ते म्हणाले. "गॅसच," आई म्हणाली. आणि ती, जिला त्या मुठीचा अर्थ पुस्तकातल्या चित्रासकट पाठ होता, तिनंही नजर वळवून नवऱ्या मुलीची पिवळी साडी बघितली होती. बघायला शिकवलेल्या डोळ्यांना न बघणंही शिकवता येतं. त्याला वेगळी पदवी लागत नाही.

दुपारी तिनं हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये जाऊन आनंद सरांना फोन केला. सर आता विभागप्रमुख होते. त्याच रेणूवर त्यांची मोठी संशोधन योजना चालू होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वडील कसे आहेत?" "परवा ऑपरेशन." "होतील बरे. आता हे दुसरं. हे बघ, तो आकडा निदान नव्हता. आजही नाही. अशा आकड्यावरून आपण लोकांना घाबरवत सुटलो असतो तर ते जास्त चूक झालं असतं." हे खरंच होतं. सरांचं बहुतेक सगळं खरंच असायचं. "पण सर, हिमोलिसिस झालेलं नव्हतं." "ते तू लिहिलंस." "तुम्ही सांगितलंत." "मी म्हणालो, कारण बघ. तू बघितलंस आणि लिहिलंस. नोंदवहीत अक्षर तुझं आहे, दर्शना. आणि तो नमुना वडिलांचा, हेही तू मला आज सांगतेयस." तिनं विचारलं, "तेव्हा सांगितलं असतं तर?" "तर मी तो घेऊच दिला नसता. म्हणजे आकडाच नसता. म्हणजे तुला आज वाईट वाटायचं कारणही नसतं." शेजारून कुणी गाडी मागे घेत होतं आणि ती पीं पीं करत होती. सर आवाज खाली आणून म्हणाले, "आत्ता भावनेच्या भरात कुठे काही लिहून पाठवू नकोस. वडिलांकडे बघ." वडिलांकडे बघ. हेच सहा वर्षांपूर्वी म्हणाले असते तर, असं तिच्या मनात आलं आणि लगेच तिला स्वतःचीच शिसारी आली. हे सांगायला सर कशाला हवे होते?

संध्याकाळी भेटायच्या वेळात ती आत गेली. बाबा उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, छातीला वायरी चिकटवलेल्या, पण डोळे तेच, मिस्कील. देवेश औषधं आणायला गेला होता. आता सांगायचं, तिनं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. तिनं स्टूल पुढे ओढलं. "बाबा, तुमचं मी रक्त घेतलं होतं ना, आठवतं?" "आठवल नाय तं काय!" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मी या इथल्या नर्सला पण सांगला. बोललू, माजी पोर डाक्टरीन हाय याच रोगाची. माजा रगात परदेशात छापून आलाय." मग जरा थांबून, कुणी ऐकत नाही ना असं बघून त्यांनी विचारलं, "हाय ना गो मी त्याच्यात? तुज्या त्या पुस्तकात?" शोधनिबंधात निरोग्यांची संख्या एकोणतीस छापली होती. तळटीप होती, एक नमुना तांत्रिक कारणाने वगळला. "आहात ना," ती म्हणाली. "तुमच्यामुळेच तर झालं ते." बाबांनी समाधानानं डोळे मिटले. तिनं त्यांचा हात हातात घेतला. मनगटाच्या आत बोटांखाली धमनी लागत होती, टणक, दोरीसारखी. तिनं बोटं तिथून काढून घेतली आणि पंजावर ठेवली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं असं डॉक्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढली, तिसऱ्या दिवशी बाबांनी चहा मागितला. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. धमनीतलाच एखादा कण सुटून मेंदूत गेला असावा, म्हणाले. पाचव्या दिवशी दुपारी ते गेले. दर्शना तेव्हा खाली फॉर्म भरत होती. वर आली तेव्हा देवेश भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि आई पलंगाशेजारी बसून त्यांच्या पायावरची चादर सारखी करत होती, पुन्हा पुन्हा, जणू चादर नीट झाली की पुढचं काम काढायचं आहे.

त्यांना पोचवून आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिनं नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. नमुना वगळण्याचं नोंदवलेलं कारण खरं नव्हतं, तो धरला तर निष्कर्ष बदलतो, नोंद माझ्या हातची आहे. एवढंच. नमुना कुणाचा ते लिहिलं नाही. पाठवल्यावर मोकळं वाटेल अशी तिची कल्पना होती. तसं काही वाटलं नाही. दोन दिवसांनी आभाराचं उत्तर आलं की आपलं पत्र संस्थेकडे आणि प्रमुख लेखकांकडे चौकशीसाठी पाठवत आहोत. त्यानंतर सरांचा फोन आला नाही. लॅबमधल्या संचितानं मात्र मेसेज केला, 'हे काय केलंस गं? आमच्या सगळ्यांच्या पोस्ट त्या योजनेवर आहेत.' दर्शनानं तो वाचला. तिचं म्हणणंही खरंच होतं. सगळ्यांचंच काही ना काही खरं होतं.

बाराव्याला खाली सोसायटीच्या आवारात मांडव घातला होता. पहिली पंगत बसायची होती. वरच्या घरात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, मध्ये आई, आणि तिला लागून बायजाआत्या, बाबांची धाकटी बहीण. दर्शना दाराशी पत्रावळ्यांचे गठ्ठे सोडवत होती. आत्या डोळे पुसत म्हणाली, "कसा गेला गो माजा भाऊस. कदी ताप म्हणून आला नाय त्याला. कुणाला दाखवला नव्हता का?" आई पहिल्यांदाच सलग बोलायला लागली. बारा दिवस ती हूं आणि नाय यापलीकडे गेली नव्हती. "मी काय कमी बोललू का बायजा? चार वर्सं त्याच्या पाठी व्हतू. चढला का छातीत भरून यायचा. बोललू, डाक्टरकडं चल. देवेशनं दोनदा नंबर लावला, दोन्ही टायमाला गेला नाय. काय बोलायचा म्हायताय? बोलायचा, माज्या पोरीनं माजा रगात तपासलाय, मोठ्या मशीनवर. ती शिकलेय त्यातला. काय असता तर ती बोलली नसती?" बायकांनी चुकचुक केली. कुणी म्हणालं, "बरोबर हाय, घरातच डाक्टर, मंग भाईर कशाला जाल." आईनं मान वर केली आणि दाराकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. तिला आधार हवा होता, चार बायकांसमोर नवऱ्याचं ऐकून आपण चुकलो नाही, एवढाच. "सांग गो दर्शना. तूच तपासलेलास ना? सगला चांगला व्हता ना तवा?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर नशिबावर सगळं गेलं असतं आणि आई त्या नशिबाला धरून पुढची वर्षं काढू शकली असती. दर्शनाला हेही कळत होतं की नाही म्हणण्यात आपला चांगुलपणा फारसा नाही. आतलं ओझं आपल्याला सोसवत नाही, म्हणून ते आपण आईच्या पदरात टाकणार. पण तिच्या तोंडात गेल्या सहा वर्षांत इतके हो साचले होते की आणखी एक मावेना. "नव्हतं, आई," ती म्हणाली. "चांगलं नव्हतं. मला तेव्हाच दिसलेलं. मी बोलले नाही."

बायजाआत्याचा पदर डोळ्यांपाशी तसाच थांबला. आई बघत राहिली. दर्शनाला वाटलं, आता ती उठेल, मारेल, छाती बडवेल. काहीही चाललं असतं. आईनं विचारलं, "त्याला सांगलास?"

"नाही."

"हास्पिटलात पण नाय?"

"नाही."

आईनं मांडीवरच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "बरा केलास." आणि कुणालाही उद्देशून नसल्यासारखं, "तुजा बापूस तुज्या भरवशावर गेला."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. बायकांनी तिला वाट करून दिली. दाराशी येऊन तिनं लेकीच्या हातातल्या पत्रावळ्या घेतल्या, तिच्याकडे न बघता, आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली हाक मारली, "देवेश, वाढायला घे रे. लोका खोलंबलीत."